धंतोलीतलं हार्मोन क्लिनिक: आईच्या पिट्युटरीच्या उपचारांचा आमचा अनुभव

आईसाठी आम्ही ज्या एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनच्या आजारांच्या डॉक्टर मॅडमकडे जातो, त्यांच्या दवाखान्याबद्दल लिहिते आहे. दवाखाना नागपुरात धंतोलीत आहे, काँग्रेस नगर मेट्रो स्टेशनवरून पायी जाता येतं. नाव मुद्दाम लिहीत नाही. खाली आईच्या आजाराचं सगळं सविस्तर येणार आहे आणि त्यावरून नात्यागोत्यातले फोन सुरू झालेले तिला नको आहेत. ज्यांना खरंच गरज असेल त्यांनी मला मेसेज करा, पत्ता देईन. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा का कापला तेही सांगते, पण आधी आजार सांगावा लागेल, नाहीतर या दवाखान्याची किंमत कळणार नाही.

माझा जन्म १९९५ चा, काटोलजवळच्या आजोळच्या गावातला. बाळंतपणात आईला प्रचंड रक्तस्राव झाला. रात्री जीपमध्ये टाकून तिला नागपूरला आणलं, रक्ताच्या बाटल्या चढल्या आणि ती वाचली. पण तिला दूध आलं नाही. आजीने अळिवाची खीर, मेथीचे लाडू, शतावरी, जे जे म्हणून करतात ते सगळं केलं. मी वरच्या दुधावर वाढले. आईची पाळीही परत आली नाही. घरात सगळ्यांनी ते त्या रात्रीच्या अशक्तपणाच्या खात्यावर टाकलं आणि विषय संपला.

त्यानंतरची आई मला आठवते ती कायम थकलेली. चेहरा फिकट, भुवया विरळ, त्वचा कोरडी, कपाळावर वयाच्या आधीच बारीक सुरकुत्या. मे महिन्यात नागपुरात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, दुपारी घरातले सगळे कूलरच्या झोताखाली पडलेले असतात, आणि ती आतल्या खोलीत चादर पांघरून बसायची. घाम जवळजवळ नाहीच. उपवास केला की चक्कर. लोहाच्या गोळ्या झाल्या, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं झाली, मध्ये मन उदास राहतं म्हणून त्याच्या गोळ्याही झाल्या. थायरॉइड पाहायला टीएसएच दर दोनेक वर्षांनी व्हायचा आणि रिपोर्टवर "नॉर्मल" यायचं. काही नातेवाईक तिला तोंडावर आळशी म्हणाले आहेत. ते मी विसरलेले नाही.

२०२२ मध्ये महालक्ष्म्यांचा स्वयंपाक उरकला आणि दुसऱ्या दिवशी ती उलट्या करायला लागली, संध्याकाळपर्यंत असंबद्ध बोलू लागली. रक्तातलं सोडियम ११२ निघालं. ते १३५ ते १४५ असायला हवं. सलाइन देऊन वर आणलं, घरी सोडलं, मीठ वाढवायला सांगितलं. काही आठवड्यांत पुन्हा तेच. या दुसऱ्या खेपेला ड्युटीवर एक तरुण फिजिशियन होते. त्यांनी फाइल बाजूला ठेवली, आईच्या खाटेजवळ स्टूल ओढलं आणि विचारलं, "काकू, शेवटच्या बाळंतपणानंतर दूध आलं होतं का? पाळी परत सुरू झाली होती का?"

आई म्हणाली, "नाही न. मले वाटे, एवढं रक्त गेलं तर असंच राहत असंल."

त्यांनी लगेच कॉर्टिसोल या हार्मोनसाठी रक्त घेतलं आणि रिपोर्टची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे औषधाच्या रूपातल्या कॉर्टिसोलचं, इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठून बसली आणि तिने चहा मागितला. कॉर्टिसोलचा आकडा आला १.८ मायक्रोग्रॅम. सकाळच्या वेळी तो ३ च्या खाली असेल तर शंकेला जागा उरत नाही. एमआरआयमध्ये पिट्युटरी, म्हणजे इतर हार्मोन ग्रंथींना हुकूम देणारी मेंदूखालची छोटी ग्रंथी, जिथे असायला हवी त्या हाडाच्या खोबणीत जवळजवळ काहीच नव्हतं. बाळंतपणात खूप रक्त गेल्याने पिट्युटरी निकामी होण्याच्या या आजाराचं नाव शीहान सिंड्रोम. हॅरल्ड शीहान या इंग्लिश पॅथॉलॉजिस्टने १९३७ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं, म्हणजे आईच्या जन्माच्याही कितीतरी आधी. तिथून आम्हाला धंतोलीत पाठवण्यात आलं.

आता दवाखाना. गाडी लावायला जागा नाही. धंतोलीत कुठल्याच दवाखान्याला नाही, त्यामुळे मेट्रोने या. बसायची खोली लहान पण स्वच्छ, पाण्याचा माठ भरलेला. फी इतर स्पेशालिस्टांइतकीच. वेळ घेऊनही दोन तास बसावं लागतं हे गृहीत धरा, कारण मॅडम नव्या पेशंटला घाईने बाहेर काढत नाहीत.

आमची पहिली भेट पाऊण तासाची झाली. त्यांनी आईला आधी आडवं करून बीपी घेतलं, मग उभं करून घेतलं. हात, हिरड्या, तळव्यांच्या रेषा पाहिल्या. मी का म्हणून विचारलं तर नीट सांगितलं. कॉर्टिसोल बनवणारी ॲड्रिनल ग्रंथी स्वतः बिघडली तर पिट्युटरी जोर लावून तिला हुकूम देणारं एसीटीएच पाठवत राहते आणि त्यामुळे कातडी, हिरड्या काळवंडतात. इथे पिट्युटरीच बंद, एसीटीएचच नाही, म्हणून आई उलट फिकट पडत गेली. कॉर्टिसोल दोन्हीकडे कमीच, पण दोष कुठे आहे ते कातडी सांगते. शिवाय आईचं पोटॅशियम व्यवस्थित होतं, कारण मीठ आणि पोटॅशियम सांभाळणारं अल्डोस्टेरॉन हे हार्मोन मुख्यतः मूत्रपिंडाच्या इशाऱ्यावर चालतं, पिट्युटरीवर फारसं अवलंबून नसतं. मग बाबांना आणि मला थोडा वेळ बाहेर बसवून त्या आईशी एकटीशी बोलल्या. अंगावरचे केस, पाळी, नवरा-बायकोचे संबंध, हे प्रश्न तिला आयुष्यात कोणी विचारले नव्हते. बाहेर आल्यावर आई डोळे पुसत होती, पण चेहरा हलका झाला होता. मॅडमनी आमच्यासमोर तिला सांगितलं, "काकू, तुमच्यात आळस काडीचाही नाही. सकाळी अंथरुणातून उठायला जे कॉर्टिसोल लागतं, तेच तुमच्या अंगात नव्हतं. त्यावर तुम्ही एवढा संसार ओढला." या एका वाक्यासाठी मी या दवाखान्याला सगळे तारे द्यायला तयार होते.

मी एका सीएच्या ऑफिसात हिशेबाचं काम करते. आकडा कुठून आला हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. मॅडमनी कोऱ्या कागदावर आकृती काढून दिली. तो कागद अजून फाइलमध्ये पहिला लावलेला आहे. सगळ्यात वर हायपोथॅलॅमस, मेंदूच्या तळाशी. त्याच्याखाली एका बारीक देठाला लोंबणारी पिट्युटरी, जेमतेम अर्ध्या ग्रॅमची. त्याखाली थायरॉइड, ॲड्रिनल, अंडाशय. हायपोथॅलॅमस टीआरएच सोडतो, त्यावर पिट्युटरी टीएसएच सोडते, त्यावर थायरॉइड काम करतं. सीआरएचवरून एसीटीएच, एसीटीएचवरून कॉर्टिसोल. आणि परतीची वाटही असते. कूलरच्या टाकीत पाणी भरलं की फ्लोट वर येतो आणि नळ बंद होतो, तसं रक्तात हार्मोन पुरेसं झालं की हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरी दोघेही हात आखडता घेतात. कमी पडलं की पुन्हा जोर लावतात. आईच्या बाबतीत वरचा हायपोथॅलॅमस बहुतेक शाबूत आहे. खाली हार्मोन कमी पडतंय हे त्याला कळतं, तो निरोप पाठवतो. पण तो निरोप घेऊन पुढे काम करणाऱ्या पिट्युटरीच्या पेशीच मेलेल्या आहेत.

त्या का मेल्या, हेही त्या कागदावर आहे. गरोदरपणात दुधाची तयारी म्हणून पिट्युटरी फुगते, तिची रक्ताची गरज वाढते. तिच्या पुढच्या भागाला रक्त मिळतं ते मुख्यतः हायपोथॅलॅमसकडून देठातून उतरणाऱ्या बारीक वाहिन्यांतून, आणि त्यांतला दाब मुळातच कमी असतो. प्रसूतीत अंगातलं रक्त वाहून गेलं, बीपी कोसळलं, की पहिला उपाशी पडतो तो हा भाग. मागच्या भागाला स्वतंत्र रक्तवाहिनी आहे, म्हणून तो अनेकदा वाचतो. त्या जीपमधल्या रात्री काय घडलं, ते मला पहिल्यांदा एका ओळीत समजलं.

आता टीएसएचबद्दल, कारण माझ्या मते प्रत्येक घरात हे माहीत असायला हवं. टीएसएच हे थायरॉइडचं हार्मोन नाही, ते पिट्युटरीचं आहे. थायरॉइड ग्रंथी आजारी असेल तर टीएसएच उत्तम पुरावा देतो. पण पिट्युटरीच आजारी असेल, तर तो कमी येऊ शकतो, नॉर्मल येऊ शकतो, क्वचित किंचित जास्तही येऊ शकतो, आणि प्रत्येक वेळी दिशाभूल करतो. अशा वेळी फ्री टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, पाहावा लागतो. आईचा टीएसएच २.३ होता आणि फ्री टी-फोर ०.५, म्हणजे स्पष्ट कमी. इतकी वर्षं ज्या रिपोर्टवर आम्ही समाधान मानत आलो, त्यात फ्री टी-फोर नव्हताच. सरसकट सगळ्यांनी तो करावा असं माझं म्हणणं नाही. पण लक्षणं सगळी थायरॉइडची आणि टीएसएच मात्र चांगला, अशी जोडी दिसली तर डॉक्टरांना विचारा.

आमच्या एका नातेवाइकांनी फ्री टी-फोर कमी आहे हे ऐकून थायरॉइडची गोळी लगेच सुरू करा म्हणून तगादा लावला होता. मॅडमनी ती मुद्दाम थांबवली. आधी हायड्रोकॉर्टिसोन, ते अंगी लागल्यावर थायरॉक्सिन, हाच क्रम. थायरॉक्सिनने शरीराचा वेग वाढतो, कॉर्टिसोल लवकर संपतं, आणि मुळात कॉर्टिसोल नसलेल्या माणसाला त्यामुळे जिवावरचा झटका येऊ शकतो. दुसरी सूचना मला जास्त अनपेक्षित होती. स्टेरॉइड सुरू झाल्यावर तहान आणि लघवी किती वाढते ते वहीत लिहून ठेवायचं. लघवी आवरणारं एडीएच हे हार्मोन हायपोथॅलॅमसमध्ये तयार होतं आणि पिट्युटरीच्या मागच्या भागात साठतं. कॉर्टिसोल कमी असलं की ते जास्त सुटतं, पाणी अंगात साचतं, सोडियम पातळ होतं. आईचं ११२ त्यातूनच आलं होतं. पण मागचा भागही दुखावलेला असेल, तर कॉर्टिसोल भरून निघाल्यावर तो दोष उघडा पडतो आणि माणूस दिवसाला बादलीभर लघवी करू लागतो. नागपूरच्या उन्हाळ्यात ते फार धोक्याचं. आईला तसं झालं नाही. पण आधी सांगून ठेवलं होतं म्हणून आम्ही मापाच्या जगने मोजत होतो आणि घाबरलो नाही.

तिचा डोस असा: हायड्रोकॉर्टिसोन सकाळी उठल्याबरोबर १० मिलिग्रॅम, दुपारी ५. शरीर स्वतः कॉर्टिसोल पहाटे जास्त आणि रात्री कमी बनवतं, ती चाल धरायची म्हणून असं. उशिरा घेतली की झोप जाते. हा डोस तिचा आहे, दुसऱ्या कोणी यावरून आपला ठरवू नये. फरक पहिल्याच आठवड्यात दिसला. ती स्वतः उठून केस विंचरू लागली, भाजी चिरायला बसू लागली. थायरॉक्सिन सुरू होऊन पुढचा उन्हाळा आला तेव्हा नवतप्यात एके दुपारी ती म्हणाली, "अरे कूलर लावा बाप्पा कोणी." बाबा उठून बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

घरात विरोध झाला तो "स्टेरॉइड" या नावाला. मोठी मावशी म्हणाली, हाडं खाते, तोंड सुजते, बंद कर. ही भीती पोकळ नाही. सांधेदुखीवर वर्षानुवर्षं भरमसाट स्टेरॉइड खाल्लेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, आणि त्यांच्यात बाहेरून आलेल्या साठ्यामुळे हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरी काम करणंच सोडून देतात. मग गोळी एकदम बंद केली की तोच झटका. दवाखान्याच्या भिंतीवर मराठीत मोठ्या अक्षरात तसा फलकही आहे. पण आईचा डोस म्हणजे शरीराने स्वतः जेवढं बनवायला हवं होतं तेवढाच. मॅडम म्हणाल्या, "पुढच्या वेळी मावशींना घेऊन या." आम्ही नेलं. त्यांनी मावशीलाही तोच कागद समजावला, एक पैसा जास्त घेतला नाही. आता आईची दुपारची गोळी चुकली का, हे विचारायला मावशीचाच फोन येतो.

या दवाखान्याची सगळ्यात मौल्यवान गोष्ट मात्र एक साधं लॅमिनेट केलेलं कार्ड आहे. एका बाजूला मराठी, आमच्यासाठी. दुसऱ्या बाजूला इंग्रजी, कुठल्याही कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरसाठी. निरोगी माणसाला ताप आला, दात काढला, ऑपरेशन झालं, की हायपोथॅलॅमसपासून सगळी साखळी हलते आणि कॉर्टिसोल अनेक पटींनी वाढतं. आईच्यात ती साखळी तुटलेली, म्हणून हे वाढवणं आपल्याला हाताने करायचं. ताप १००.४ च्या वर गेला तर गोळ्या दुप्पट, १०२ च्या वर तिप्पट, उतरला की पुन्हा नेहमीच्या. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन मांडीत आणि थेट दवाखाना. निर्जळी उपवास कायमचा बंद. हरतालिकेला आई आता दूध-फळं घेते, आणि त्यात तिला काही कमीपणा वाटत नाही. दवाखान्यातल्या सिस्टरनी मला इंजेक्शन द्यायला शिकवलं. नुसतं दाखवलं नाही. माझ्याकडून कुपीतल्या पावडरीत पाणी सोडून, सिरिंजमध्ये भरून, हवा काढून, परत परत करून घेतलं, माझा हात थरथरायचा थांबेपर्यंत.

त्याचा उपयोग झाला. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आमच्या भागात तापाची साथ होती. आईला रात्री ताप चढला आणि उलट्या सुरू झाल्या. मी इंजेक्शन दिलं, रिक्षाने जवळच्या रुग्णालयात नेलं, कार्डाची इंग्रजी बाजू पुढे केली. तिथल्या डॉक्टरांनी कार्ड वाचलं आणि एकही प्रश्न वाया न घालवता सलाइन आणि हायड्रोकॉर्टिसोन सुरू केलं. सोडियम या वेळी १३१ पर्यंतच उतरलं होतं. दोन दिवसांत घरी. तेव्हापासून शेगावला दर्शनाला गेलो तरी इंजेक्शनचा स्टीलचा डबा आणि कार्ड आईच्या पिशवीत असतं, आणि दुसरं कार्ड बाबांच्या पाकिटात.

हाडांबद्दलही लिहायला हवं. अंडाशयांना हुकूम देणारे एलएच आणि एफएसएच गेले तेव्हा आई सव्वीस वर्षांची होती. तिथपासून तिला इस्ट्रोजेन मिळालं नाही. वेळेवर निदान झालं असतं तर पाळी जाण्याच्या वयापर्यंत ते देता आलं असतं; पन्नाशीनंतर मॅडमनी ते देण्यात अर्थ नाही असं सांगितलं आणि त्याऐवजी हाडांची घनता तपासली. हाडं ठिसूळ निघाली, त्याचे उपचार चालू आहेत. ग्रोथ हार्मोनही कमी आहेच. त्याची इंजेक्शनं मिळतात, महाग आहेत, रोज टोचावी लागतात. मॅडमनी फायदा किती, खर्च किती, हे दोन्ही आमच्यापुढे ठेवलं आणि आम्ही घेतली नाहीत. कुठलाही दबाव नाही. कट प्रॅक्टिसच्या गोष्टी ऐकून ऐकून माणूस धास्तावलेला असतो, म्हणून हे मुद्दाम नोंदवते.

दोन तास बाकावर बसलं की इतरांच्या कहाण्याही कळतात. वर्ध्याहून येणारी एक मुलगी भेटली. प्रोलॅक्टिन वाढलेलं, लग्न ठरलेलं, आणि कोणीतरी "मेंदूत गाठ असेल" सांगून तिची झोप उडवलेली. मॅडमनी पहिल्यांदा तिच्या गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली. त्यात ॲसिडिटीची रोजची गोळी होती, तिच्यात डोम्पेरिडोन मिसळलेलं. प्रोलॅक्टिन हे पिट्युटरीचं असं हार्मोन आहे की ज्याला हायपोथॅलॅमस सतत डोपामिनने दाबून ठेवतो. डोम्पेरिडोन तो दाब काढून घेतं. गोळी बंद करून काही दिवसांनी रक्त पुन्हा तपासलं, आकडा खाली आला, एमआरआयची गरजच पडली नाही. दुसरे एक काका होते, त्यांना खरोखर गाठ होती, नजरेच्या कडा अंधारल्या होत्या. त्यांचंही प्रोलॅक्टिन थोडं वाढलेलं, पण त्यांच्या गाठीतून ते येत नव्हतं. गाठीने देठ दाबला होता आणि डोपामिन खाली पोचत नव्हतं. त्यांना गोळीवर न ठेवता न्यूरोसर्जनकडे पाठवलं गेलं. नाकातून ऑपरेशन झालं, आता ते पेपर वाचतात. दोघांच्या रिपोर्टवर एकाच हार्मोनखाली लाल खूण होती. खूण कुठून आली हे विचारणारा डॉक्टर लागतो, आणि तो इथे आहे.

मी नंतर थोडं वाचलं. हायपोथॅलॅमसचे हे निरोप इतक्या सूक्ष्म प्रमाणात असतात की ते वेगळे काढण्यासाठी गिय्यमाँ आणि शॅली या दोन शास्त्रज्ञांना डुकरांच्या आणि मेंढ्यांच्या लाखो मेंदूंचे तुकडे गोळा करावे लागले. १९७७ चं नोबेल त्यांना मिळालं आणि त्यांच्याबरोबर रोझॅलिन यालो यांनाही, ज्यांच्या पद्धतीमुळे रक्तातलं इतकं कमी हार्मोन मोजणं मुळात शक्य झालं. आईचा १.८ हा आकडा ज्या कागदावर छापून आला, त्याच्यामागे एवढं काम आहे.

आता तक्रारी. दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. इथे येणाऱ्या निम्म्या लोकांना उभं राहिलं की चक्कर येते, पायात जोर नसतो. मी आईला पहिल्या दिवशी जवळजवळ उचलून नेलं. अर्धा तारा मी यासाठीच कापला आणि लिफ्ट किंवा खालची खोली होईपर्यंत तो परत देणार नाही. काउंटरवरच्या दादांना सांगितलं तर ते खुर्ची घेऊन खाली येतात, मनापासून येतात, पण तो कायमचा उपाय नाही. संध्याकाळी फोन लागत नाही, मेसेजला उत्तर मात्र येतं.

औषधाचं सांगायचं तर आमच्या मानेवाड्यातल्या दुकानांत हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या सहज मिळत नाहीत. धंतोली-रामदासपेठेतल्या मोठ्या दुकानांत मिळतात, तरी कधीकधी मागवून घ्याव्या लागतात. एका दुकानदाराने "हे पण तेच आहे" म्हणून प्रेडनिसोलोन पुढे केलं होतं. ते तेच नाही, ताकद आणि टिकण्याचा वेळ दोन्ही वेगळे. मॅडमना फोन करून विचारल्याशिवाय बदलू नका, आणि घरात महिन्याभराचा जादा साठा ठेवा.

साधी शुगर किंवा नेहमीचा थायरॉइड असेल तर तुमचे जवळचे फिजिशियन पुरेसे आहेत, इथे रांग वाढवू नका. पण बाळंतपणात खूप रक्त गेलं, दूध आलं नाही, पाळी परतली नाही आणि बाई तेव्हापासून थकलेली आहे, अशी कोणी तुमच्या घरात, शेजारी, गावात असेल, मग तिचं वय साठ का असेना, तिला घेऊन या. बाळंतपणाचे जुने कागद असले तर आणा. सुरू असलेल्या सगळ्या गोळ्या पाकिटांसकट आणा, केसांसाठीच्या बायोटिनच्या सुद्धा, कारण बायोटिनमुळे हार्मोनचे आकडे चुकतात. रक्त देण्याआधी दोनेक दिवस ते बंद ठेवायला सांगतात. एसीटीएच लिहून दिलं असेल तर घरी सॅम्पल घेणाऱ्या मुलाला बोलावू नका, ते रक्त बर्फात ठेवून लगेच लॅबमध्ये जावं लागतं आणि आपल्या उन्हात वाटेतच खराब होतं. पहिलं कॉर्टिसोल सकाळी आठच्या सुमारास. नंतरच्या भेटींना फ्री टी-फोरसाठी रक्त देईपर्यंत थायरॉक्सिन घ्यायचं नाही, हायड्रोकॉर्टिसोन मात्र उठल्याउठल्या वेळेवर घ्यायचं, लॅबवाल्याने उपाशीपोटी सांगितलं असलं तरी.